सोलापूरची चैत्रपालवी आणि अंगणातली अंगमेहनत

निंबाखाली (धागाकर्ता)

होळी झाली की विजापूर रोडला दारोदारी एकच तक्रार, "काय हो हा पाला!" कडुनिंब झडतो, करंज झडतो, पिंपळाचं तर विचारूच नका. खराटा मारून वळावं तोवर पुन्हा तेवढाच खाली. त्या वैतागात मान वर करायचं राहून जातं, आणि वर तर खरी मजा चाललेली असते. निंबाच्या शेंड्यांना तांबूस तुकतुकीत पालवी फुटलेली असते. आंब्याची एखादी फांदी मोहोर सोडून मध्येच तपकिरी पानं काढते. पिंपळ तर सकाळच्या उन्हात गुलाबीच दिसतो.

माझं म्हणणं साधं आहे. अंगणातलं वर्षाचं जड काम याच तीन-चार आठवड्यांत उरकावं. खड्डे खणणं, आळी मोठी करणं, खतखड्डा भरणं, फरशी उचकटणं, सगळं. सकाळी साडेआठपर्यंत हवा बरी असते. एप्रिल तापला, पारा चाळिशीपार गेला, की टिकावाचं नाव काढवत नाही. शिवाय खताला लागणारा पाला झाडं आपणहून दारात आणून टाकतात. आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात मोठं वाटतं: नुसती खुर्ची टाकून पालवी बघायला बसलो तर दहाव्या मिनिटाला मोबाइल हातात येतो. टिकाव चालवणाऱ्याला दम खायला थांबावंच लागतं. थांबला की कंबर सरळ होते, मान वर जाते, आणि बघणं आपोआप होतं. सक्तीची सुट्टी म्हणा ना.

सध्या मी घरापुढची शहाबादी फरशी काढतोय. चिखल नको म्हणून वडिलांनी कधीकाळी कंपाउंडपासून पायरीपर्यंत सगळीकडे बसवली होती. पहारीने एक कोपरा उचलायचा, खाली वीट सरकवायची, मग दुसरा कोपरा. फरशीखाली सिमेंटचा पातळ थर, त्याखाली जेमतेम वीतभर काळी माती आणि लगेच मुरूम. निंबाची मुळं त्या वीतभर मातीत आडवी, चपटी होऊन पसरलेली. पहिले दोन दिवस माती दगडासारखी होती. पाणी सोडून ठेवल्यावर आता जरा ऐकायला लागलीय.

काल दम खाताना करंजाची एक खालची डहाळी नीट न्याहाळली. अगदी टोकाची पानं किरमिजी, बोटभरही नाहीत, आणि सगळी खाली लोंबलेली. देठात अजून ताठपणाच आलेला नाही. त्याच्या मागची पोपटी, इतकी पातळ की पलीकडचं बोट दिसावं. आणखी मागे गतवर्षीचं एकच जुनं पान, चिवट, धुळीने माखलेलं, पांढऱ्या नागमोडी रेघा पडलेलं. त्या रेघा म्हणजे पानाच्या आत पोखरत गेलेल्या अळीची वाट. हे सगळं एका हातभर डहाळीवर.

आता दोन गोष्टी सांगा. फरशी काढलेला पट्टा चार फूट रुंद आहे, अर्धा दिवस निंबाची सावली असते, तिथे काय लावू? आणि तुमच्याकडे काय काय फुटलंय?

होटगीरोडचा

काय करायलाव भाऊ तुम्ही! सोलापुरात ऋतू दोनच, उन्हाळा आणि गड्ड्याची जत्रा. हा वसंत तुम्हाला कुठं घावला?

पालवीची एवढी हौस असंल तर आमच्या दारात या, खराटा फुकट देतो. करंज शेजाऱ्याचा आणि पाला आमच्या गच्चीवर. पन्हाळी तुंबत्यात. सांगाय गेलं की म्हणतेत, "झाडाला आम्ही काय सांगणार?" आता फांद्याच छाटतो म्हणलो तर आमच्या मंडळी म्हणतेत त्याची सावली आपल्याच गाडीवर पडतीया. सगळीकडनं मरण आमचंच.

आणि फरशी काढायला गडी लावा की. या वयात पहार कशापायी?

निंबाखाली

वयाचं काढू नका, अजून पेन्शन सुरू व्हायचीय!

मोठ्या फरशांना गडी बोलावलाच होता. दोघांशिवाय त्या हलतच नाहीत, एकट्याने ओढून कंबर धरून बसण्यात काही पुरुषार्थ नाही. मुरूम खणणं मात्र माझं मी करतोय. आणि तुमचा पाला पोत्यात भरा, मला हवाय. खरंच सांगतोय.

फांद्यांचं जपून. शहरात झाड तोडायला आणि मोठी छाटणी करायलाही परवानगी लागते, महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे त्यासाठी. शेजारी राजी झाले तरी आधी पालिकेत अर्ज द्या. पन्हाळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवलीत तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

पूर्वभागकर

अण्णा, सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात, तेलुगू घरांत, पालवी बघत नाहीत, खातात!

चिंचेला कोवळी पालवी फुटली की आमच्या घरात तुरीच्या डाळीत चिंतचिगुरू. चिगुरू म्हणजे ती कोवळी पानं. ओंजळीत घेऊन दोन्ही तळव्यांत हलकेच चोळायची, देठं आणि काड्या वेगळ्या होतात. मग तेलात परतून शिजलेल्या डाळीत घालायची, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. आंबटपणा पानाचाच, वेगळी चिंच घालायची नाही. काही घरांत मटणातही घालतात, त्याची चव या डाळीला नाही, हे शाकाहारी मंडळींनी माफ करावं.

उगादीच्या पचडीला निंबाचा मोहोर लागतो, तोही याच दिवसांत. कैरी, नवी चिंच, गूळ, तिखट, मीठ आणि निंबाची फुलं. मराठी शेजारी पाडव्याला निंबाची कोवळी पानं वाटून खातात आणि तोंड वाकडं करतात. फुलं घ्या, कडूपणा कमी आणि वास सुंदर.

अंगमेहनतीचं म्हणाल तर चिगुरू काढायला चिंचेवर चढतो तो माझा मेहुणा. मी खाली चादर धरून उभा. सोलापुरी चादर नाही, जुनी साडी!

सुट्टीतल्या_बाई

शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते.

कोवळं पान तांबूस का? पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो. त्या आधी पेशींमध्ये अँथोसायनिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं, जांभळात आणि लाल कोबीत असतं तेच. ते कोवळ्या पेशींना कडक उन्हाच्या माऱ्यापासून वाचवतं. लाल पान पानं खाणाऱ्या किड्यांना कमी भावतं, असंही एक मत आहे. पान जसं जून होतं तसा हिरवा रंग वरचढ होत जातो. धागाकर्त्यांच्या डहाळीवर टोकाला किरमिजी, मग पोपटी, मग गडद हिरवं, हा क्रम म्हणजे एकाच फांदीवर वय वाचायची सोय आहे. पान लोंबतं तेही कामाचंच. दुपारचं ऊन त्याच्या अंगावर सरळ पडत नाही.

त्याहून मोठं कोडं दुसरं. आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. सप्टेंबर सगळ्यात ओला. मग मार्चमध्ये, जमीन कोरडी ठाक असताना, या झाडांना नवी पानं काढायची बुद्धी होते कशी?

उत्तराचे दोन धागे आहेत. जुनी पानं गळून गेली की झाडातून हवेत जाणारं पाणी जवळजवळ थांबतं. मुळं खोल ओलीपर्यंत पोहोचलेली असतील तर खोड हळूहळू पुन्हा पाण्याने भरतं. म्हणजे तुम्ही ज्या पाल्याला शिव्या देता, त्याच्या गळण्यातूनच नव्या पालवीचं पाणी निघतं. दुसरं म्हणजे दिवस मोठा होऊ लागतो. सोलापूर विषुववृत्तापासून साडेसतरा अंशांवर, इथे दिवसाच्या लांबीत फार फरक पडत नाही, पण बऱ्याच झाडांना तेवढा इशारा पुरतो. म्हणून तर पाऊस मागेपुढे होतो, पालवीची वेळ मात्र फारशी हलत नाही. फायदा असा की पाऊस येऊन किडींची गर्दी होईतो पानं जून आणि चिवट झालेली असतात.

होटगीरोडचा

बाई, मग आमच्या गल्लीच्या टोकाचा पिंपळ बोडका आणि समोरचा भरगच्च, हे कसं? दोघांना दिवस वेगवेगळा मोठा होतो काय?

सुट्टीतल्या_बाई

चांगला प्रश्न आहे, वर्गात असतात तर पुढच्या बाकावर बसवलं असतं.

वड, पिंपळ, उंबर ही मंडळी यात बेशिस्त. एकाच जातीची दोन झाडं शेजारी असून आगेमागे पानं टाकतात. मुळाशी ओल किती, भिंतीतून आलेलं की जमिनीतून, वय, आणि त्या झाडाचा स्वतःचा स्वभाव, सगळं त्यात येतं. कडुनिंब त्या मानाने रांगेत चालणारा. सगळ्या शहरात थोड्याफार फरकाने एकदमच.

कागदीलिंबू

विषय थोडा वेगळा आहे, पण नव्या पानांचाच आहे. माझ्या कागदी लिंबाला या महिन्यात भरपूर फूट आली, पण नवी पानं पिवळीच. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग पिवळट पांढरा. जुनी पानं ठीक आहेत. शेजारच्या वहिनी म्हणतात पाणी जास्त झालं, नर्सरीवाल्याने युरिया दिला. दोन्ही करून पाहिलं, फरक नाही. बोअरचं पाणी घालते.

बार्शीकर_शेतकरी

ताई, युरिया थांबवा. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती.

आपल्या मातीत चुनखडी जास्त, त्यात बोअरचं जड पाणी. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळं ते मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, कृषी सेवा केंद्रात मिळतं. लिटरला पाच ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा. उन्हात फवारलं तर कोवळी फूट करपते. आठ-दहा दिवसांनी परत एकदा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग पडले की जात नाहीत. कायमचा उपाय म्हणजे बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली गोल चर खणून त्यात चांगलं कुजलेलं शेणखत. पावसाचं पाणी गच्चीवरून त्या चरात सोडता आलं तर त्यासारखं औषध नाही.

आता धागाकर्त्यांचं. शहरातल्या माणसानं पहार धरली हे वाचून बरं वाटलं. पण खड्ड्याचं नीट सांगतो, कारण लोक खड्डा खणतात आणि त्याच संध्याकाळी रोप लावून मोकळे होतात. आंब्याला तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. बाकी लहान झाडांना दोन फूट पुरे. वरची काळी माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला, एकत्र करायचं नाही. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या, त्यातली हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि बुरशी मरते. लेकरं खेळत असतील तर वर काटेरी फांद्या टाका. मुरूम लागला की घाई करू नका. रात्री दोन घागरी पाणी ओता, सकाळी टिकाव आपोआप आत जातो.

आमच्याकडं सध्या सीताफळ बोडकं आहे. गोरमाळ्याचं एनएमके गोल्डन आमच्याच तालुक्यातलं, त्याच्या बागाच बागा आहेत. सोलापुरातून पाहुणे आले की विचारतात, "झाडं वाळली का?" सीताफळ उशिरा उठतं. अंगणातलं सीताफळ मार्चमध्ये वाळलं म्हणून तोडलेलं मी पाहिलंय, वाईट वाटतं. नखानं साल खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. बोरीचं उलटं. फळं संपली की उन्हाळ्यात तिला जोरात छाटायची, मगच नव्या फांदीवर पुढचा बहर.

चैत्रगौर

मी जरा विरोधात लिहिते हं. पालवी बघायला घाम गाळायलाच हवा हे मला पटत नाही. माझे दोन्ही गुडघे गेले. मी व्हरांड्यात बसून शेंगा सोलते आणि तुमच्या टिकाववाल्यापेक्षा जास्त बघते, कारण मला मुळीच घाई नसते.

समोरच्या निंबात तांबट पक्षी सकाळपासून टुक टुक करतो. तो दिसायला महाकठीण. हिरवा पक्षी हिरव्या पानांत लपतो. पण निंब बोडका असतानाचे आठ-दहा दिवस आणि पालवी लहान असतानाचा आठवडा, एवढ्यात त्याची लाल टिकली स्पष्ट दिसते. नंतर वर्षभर नुसता आवाज. कण्हेरीच्या बारीक फांदीला शिंजीरने लोंबतं घरटं बांधलंय, त्यात कोळ्याची जाळी, वाळकी पानं आणि माझ्या सुनेच्या ओढणीचा धागा. ती मादी एकटीच बांधते, नर नुसता आजूबाजूला गातो. आमच्या घरातली रीत काही वेगळी नाही.

चैत्रांगण काढायला मात्र मी खाली बसते, गुडघे काही म्हणोत. गेरूने सारवलेल्या चौकोनावर निंबाची बारीक पांढरी फुलं पडतात आणि रांगोळीत मिसळून जातात. सून ती वेचायला जाते, मी वेचू देत नाही.

निंबाखाली

काकू, तांबटाचं तुमचं निरीक्षण मी उद्याच पडताळून बघतो, ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण माझा मुद्दा सोडत नाही. तुम्हाला बसून दिसतं कारण तुमचे हात कामात आहेत, शेंगा सोलताय. रिकाम्या हातांनी बसून बघा बरं!

बाळीवेस

आमच्या घरात आजोबांचं एकच वाक्य, "कायकवे कैलास". बसवेश्वरांच्या परंपरेत कामालाच कैलास म्हटलं. आणि आपल्या गावात तर त्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन खोदवला. आज आपण संध्याकाळी त्याच्या कडेने गार वारा खात फिरतो, पण मुळात ती मातीच्या पाट्यांची कमाई आहे. त्या मानाने तुमचा चार फुटी पट्टा म्हणजे काहीच नाही, चालू द्या.

खरं म्हणजे मला तिथलाच एक विषय काढायचा होता. सकाळी फिरायला गेलं की कुठे ना कुठे झाडलेला पाला पेटवलेला असतो. ओलसर पाला नुसता धुमसतो, धूर जमिनीलगत पसरतो. दमेकऱ्यांचे हाल, आणि वरची कोवळी पालवी होरपळते ती वेगळीच. कचरा असा रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत जाळायला घनकचरा नियमांनुसार मनाई आहे. आम्ही गल्लीत ठरवलं की सांगायचं, पण भांडायचं नाही. आधी पोतं पुढे करायचं आणि मग बोलायचं. त्याने काम होतं. नुसतं नियम सांगून झालं नव्हतं.

होटगीरोडचा

पोतं पोतं करायलाव सगळे, पण पाल्याचं खत करायचं कसं ते सांगा की कुणीतरी. आम्ही एकदा ढीग घातलो, वर्षभर तसाच. वरनं पाला, खालनं वाळवी.

निंबाखाली

आपल्या हवेत जमिनीवरचा ढीग जमत नाही. वारा आणि ऊन त्याची ओल दोन दिवसांत पिऊन टाकतात, आणि सुका पाला कुजत नाही, त्याला वाळवीच लागते. म्हणून खड्डा. भिंतीपासून लांब, सावलीत, अडीच-तीन फूट खोल. वीतभर पाला, त्यावर शेणाचा काला, त्यावर मूठ-मूठ माती. स्वयंपाकघरातली साल-देठं, कापलेलं हिरवं गवत असं जे असेल ते मध्ये. नुसत्या सुक्या पाल्यात नत्र कमी, त्याला असलं ओलं-हिरवं जोडीला लागतंच. परत पाला. ओल किती? मूठभर पाला पिळला तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वर बारदान टाका. महिन्या-दीड महिन्याने फावड्याने खालचं वर करा. कोण नाही म्हणेल, हे काम घाम काढणारं आहे, पण झाकण उचलल्यावर वाफ आणि मातीचा वास आला की समजायचं चाललंय.

निंब आणि करंजाचा पाला लवकर कुजतो. आंब्याची पानं चिवट, ती वेगळी ठेवून आळ्यात आच्छादन म्हणून पसरतो. बोटभर जाडीचा थर घातला तरी पाण्यात मोठा फरक पडतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही काही लहान गोष्ट नाही.

सुट्टीतल्या_बाई

एक सूचना माझीही. साठलेल्या पाल्यात थेट हात घालू नका. घोणस अशा पाल्यात इतकी मिसळून जाते की समोर असून दिसत नाही, आणि विंचू तर हमखास. आधी दाताळ्याने किंवा काठीने हलवा. पायात बूट, चप्पल नाही. दुर्दैवाने साप चावलाच तर दोरी बांधणं, जखम कापणं, मंत्र, काही नाही. हातपाय शक्य तितका स्थिर ठेवून थेट सिव्हिल. फरशीखालच्या पोकळीतही हेच. तुम्ही पहारीने उचलता ते ठीक, बोटं घालून उचलू नका.

हुतात्मा_एक्सप्रेस

पुण्यात आठव्या मजल्यावर राहतो. तुमचा धागा ऑफिसात चोरून वाचतोय.

पाडव्याला घरी आलो होतो. परतताना सकाळच्या हुतात्माने खिडकी धरली. मोहोळ गेलं की बांधावरचे निंब सुरू होतात. सगळं रान तपकिरी, ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या गंजी, आणि मध्येच एक-एक निंब अंगभर कोवळा. पुण्यात झाडं कमी नाहीत, पण इथे हिरव्यात हिरवं. आपल्याकडे उघड्या माळावर ते जे उठून दिसतं, तसं मला दुसरीकडे दिसलेलं नाही. ही आपल्या कोरडेपणाचीच मेहरबानी म्हणायची.

आई घरी एकटी आहे. तिने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलंय, झाडून घ्यायला सोपं म्हणून. तिला काय सांगू?

चैत्रगौर

आईला काही सांगू नकोस बाळा, झाडायला तूही नाहीस. अर्ध्या अंगणात ब्लॉक घालू दे, चालायला आणि गाडीला. झाडांभोवती मात्र चांगला मोठा चौक मोकळा ठेवायला सांग, निदान फांद्यांच्या निम्म्या घेराएवढा. बुंध्याला आवळून ब्लॉक बसवतात ते फार वाईट. पाणी आत जात नाही, आणि मग चार वर्षांनी मुळं ब्लॉक उचलून देतात ते देतातच. पुढच्या वेळी आलास की खराटा तू घे.

हुतात्मा_एक्सप्रेस

काकू, स्क्रीनशॉट आईला पाठवला. तिचं उत्तर: "शेवटचं वाक्य दोनदा वाच."

पूर्वभागकर

मूळ प्रश्न राहिला की. चार फुटी पट्टा, अर्धी सावली. माझं मत अडुळसा आणि कढीपत्ता. कढीपत्त्याला उन्हाच्या बाजूचा कोपरा द्या. छाटून ठेवला की सारखी कोवळी फूट देत राहतो, म्हणजे पालवी बारा महिने आणि फोडणीही. आपल्याकडे चिंच लावायला जागा नाही, नाहीतर तीच सांगितली असती.

बार्शीकर_शेतकरी

अडुळसा बरोबर. कोरफड आणि गवती चहाही चालेल, पाणी कमी लागतं. निंबाखाली मोगरा लावायच्या भानगडीत पडू नका, ऊन कमी पडलं की नुसती पानं येतात. पहिला उन्हाळा निघेपर्यंत प्रत्येक रोपाजवळ एक मडकं पुरा. बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात. मडकं भरून वर झाकण ठेवलं की तीन-चार दिवस बघायला नको. पाणी मुळाशी जातं, वर तण येत नाही.

पण आत्ता लावू नका. पट्टा तापू द्या. मृगाच्या आधी शेणखत, निंबोळी पेंड आणि बाजूला काढलेली वरची माती घालून भरून घ्या, आणि रोप जमिनीत ओल उतरल्यावरच. सोलापूरचा मृग नुसता वास देऊन जातो, त्याच्या भरवशावर राहू नका.

निंबाखाली

मडक्यांचं आवडलं. अडुळसा, कढीपत्ता आणि कडेला गवती चहा, ठरलं. मुरूम मात्र डोंगराएवढा निघालाय, त्याचं काय करू?

बार्शीकर_शेतकरी

फेकू नका. गेटपासून पायरीपर्यंत वाट करा, पाणी मारून धुमसानं (माती दाबायच्या जड ठोकळ्यानं) ठोका. चिखल होत नाही आणि पाणीही जिरतं. वडिलांनी फरशी ज्याच्यासाठी बसवली होती ते काम मुरूमच करेल.

होटगीरोडचा

बरं, पाला तयार आहे, सात-आठ पोती भरलो. रविवारी सकाळी साडेसहाला गाडीवर घालून आणतो. धुमसही आणतो, बांधकामाचा घरात पडलाय. चहा तुमचा, कडक भाकरी आणि शेंगा चटणी आमची. पोती परत नकोत, तुमच्याच खड्ड्यावर टाका झाकायला.

बार्शीकर_शेतकरी

पोती प्लॅस्टिकची असतील तर टाकू नका. उन्हानं त्याचे तुकडे तुकडे होतात आणि सगळे खतात मिसळतात, मग निवडत बसावं लागतं. ज्यूटचं बारदान बघा.

होटगीरोडचा

प्लॅस्टिकचीच हैत. बारदान बघतो.